किल्लारीनंतर धर्माला विचारलेले प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



आधुनिक जीवनात धर्माचे स्थान काय, हा विषय निघाला की व्याख्यान बहुधा विज्ञान आणि अध्यात्म यांच्या समन्वयाकडे वळते, दोन्हींना यथोचित मान दिला जातो आणि श्रोते समाधानाने घरी परततात. लातूर-नांदेडच्या परिसरात हा विषय इतक्या सुखाने सोडवता येत नाही. येथे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ठाऊक आहे. त्या पहाटेने हिंदू श्रद्धांना जे प्रश्न विचारले ते पोथीतले नव्हते. ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या माणसांचे होते. जैन समाजालाही त्यांपासून अलिप्त राहता येत नाही, कारण त्यांतील निदान एक प्रश्न, कर्माचा, दोन्ही परंपरांना सामाईक आहे. म्हणून आजचा विषय त्या एका घटनेच्या आधारेच मांडणे उचित ठरेल.

प्रथम तिथीचा योग पाहावा. २९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. गावोगावच्या गणपतींचे त्या दिवशी विसर्जन झाले. दिगंबर जैन मंदिरांत दशलक्षण पर्वाची सांगता झाली; भाद्रपद वद्य प्रतिपदेची क्षमावाणी दोन दिवसांवर आली होती. ज्या हिंदू घरांत अनंताचे व्रत आहे, तेथे दर्भाच्या शेषाची पूजा होऊन चौदा गाठींचा दोरा बांधला गेला. माणसे उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. तो हादरा हैदराबाद-पुण्यापर्यंत जाणवला. पण तेरणेच्या खोऱ्यातील किल्लारी, मंगरूळ, पेठसांगवी, सास्तूर या गावांत काही क्षणांत घरेच उरली नाहीत. सरकारी नोंदीप्रमाणे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत मिळून सुमारे ७,९०० माणसे मृत्युमुखी पडली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

असे का झाले, हा पहिला प्रश्न. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे आणि त्याने भार पालटला की भूकंप होतो, ही लोकसमजूत सर्वत्र आहे. अनंत म्हणजेच शेष. ज्या दिवशी त्याची पूजा बांधली, त्याच रात्री हे घडावे, यावर श्रद्धाळू माणसाने काय म्हणावे? येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हिंदू परंपरेत भूकंपाविषयी एकच मत कधीही नव्हते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याच्या आरंभीच त्याने निरनिराळी मते नोंदविली आहेत. कोणी म्हणतात समुद्रातील महाकाय प्राण्यामुळे भूकंप होतो, कोणी म्हणतात भाराने थकलेल्या दिग्गजांच्या निःश्वासाने, कोणी वाऱ्यांच्या संघर्षाने, तर कोणी अदृष्टामुळे, म्हणजे प्रजेच्या पुण्यपापामुळे. जैन लोकवर्णनातही पृथ्वीखाली घनोदधी, घनवात आणि तनुवात ही वलये मानली आहेत. तात्पर्य, आपल्या पूर्वजांनी या प्रश्नावर विचार केला, मते मांडली आणि परस्परविरोधी मते एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नोंदवूनही ठेवली. जी श्रद्धा मतभेद नोंदवून ठेवते ती आधुनिक ज्ञानाला घाबरण्याचे कारण नाही.

शास्त्राचे उत्तरही त्या वेळी तयार नव्हते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. दख्खनचे पठार स्थिर समजले जात होते. भारतीय मानकाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारी परिसरात धक्के बसत राहिले, १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर ४.५ तीव्रतेचा होता, तरी नकाशा तसाच राहिला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत खोल विंधण घेतले तेव्हा काळ्या कातळाची जाडी सुमारे ३३८ मीटर निघाली. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी काही संबंध होता का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु २००२ मध्ये मानकाचा नकाशा बदलण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. चुकलेला नकाशा दुरुस्त करण्याची ही रीत शास्त्राजवळ आहे. धर्माजवळ ती आहे काय, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी ‘देवी’ हा शब्द आठवावा. ज्या रोगाला मराठी माणूस देवी म्हणत असे, त्याच्या प्रतिबंधक लसीलाही तो ‘देवी काढणे’ म्हणू लागला आणि लस टोचणारा ‘देवी डॉक्टर’ झाला. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेपार नेणाऱ्या याच गावांनी मुलांचे दंड लसीसाठी पुढे केले. १९८० मध्ये जगातून तो रोग गेल्याची घोषणा झाली. श्रद्धा सोडली नाही, उपायही नाकारला नाही. लोकांची श्रद्धा ही पुष्कळदा तिच्या प्रवक्त्यांपेक्षा लवचीक असते.

खरा घाव ‘कसे’ या प्रश्नाने होत नाही. ‘कोणाच्या पापाने’ या प्रश्नाने होतो. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर कोणी ना कोणी सांगतोच, की अधर्म वाढला होता, म्हणून हे झाले. हे सांगणारा बहुधा आपत्तीच्या बाहेर, सुरक्षित छपराखाली उभा असतो. या बाबतीत सामान्य माणसेच चुकतात असे नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथ ठाकूर यांना ते मुळीच रुचले नाही. भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते, आणि हाच युक्तिवाद गांधीजींचे विरोधक उलटवून म्हणू शकतील की ही शिक्षा अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीबद्दलच आहे, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी तो आक्षेप आपल्याच ‘हरिजन’ पत्रात फेब्रुवारी १९३४ मध्ये छापला आणि आपले मत मात्र सोडले नाही. त्या वादात रवींद्रनाथांची बाजू बळकट होती, असे आज म्हणावे लागते. पण गांधीजींच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्यांनी ते पाप दुसऱ्यावर लोटले नाही. ‘आपले’ पाप म्हणून त्यांनी ते सांगितले आणि स्वतःला त्यात मोजले.

किल्लारीच्या बाबतीत तर शिक्षेचा सिद्धान्त वस्तुस्थितीपुढे एक क्षणही टिकत नाही. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे. दोन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून त्यावर नवी माती पडते, आणि अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या छपराचे वजन वाढत जाते. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतात. मधे चुरा भरलेला असतो. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि ती शेकडो मण माती झोपलेल्यांवर कोसळली. याउलट कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या झोपडीतला माणूस तुलनेने वाचला. कोण पापी आणि कोण पुण्यवान, हे त्या पहाटेने पाहिले नाही. भिंत किती जाड आणि माती किती जड, एवढेच पाहिले.

तरीही कर्माचा प्रश्न उरतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. हिंदू विचारात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असा भेद केला आहे. जैन दर्शनात तर ईश्वर कर्ता नाहीच. तेव्हा कोपलेला देव ही कल्पनाच तेथे उद्भवत नाही. परंतु त्यामुळे जैन श्रावकाची सुटका होते असे मानणे भ्रामक आहे. ‘ज्याचे त्याचे कर्म’ हे वाक्य जैन घरांतही सर्रास उच्चारले जाते, आणि ज्याची तीन मुले मातीखाली गेली त्या बापाला ते देवाच्या कोपाइतकेच निर्दय वाटते. मग सिद्धान्त खोटा मानायचा काय? तसे नव्हे. हा सिद्धान्त कोणी, कोणाविषयी उच्चारावा, याची मर्यादा पाळली पाहिजे. कर्मसिद्धान्त प्रथमपुरुषी आहे. स्वतःवर दुःख आले असता ‘हे माझे कर्म’ असे म्हणून जो धीर धरतो, त्याच्या हाती तो सिद्धान्त औषध आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ‘हे त्याचे कर्म’ म्हणणाऱ्याच्या हाती तोच शस्त्र होतो. हे केवळ सौजन्याचे मत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीय कर्माच्या आस्रवाची कारणे दिली आहेत, त्यांत दुसऱ्याला दुःख, शोक, संताप उत्पन्न करणे हे स्पष्टपणे येते. म्हणजे शोकाकुल माणसाला त्याच्या कर्माचा हिशेब ऐकवणारा श्रावक सिद्धान्ताची सेवा करीत नसून त्याच सिद्धान्तानुसार स्वतःसाठी असाता बांधीत असतो. पर्युषणात आणि दशलक्षणात हे सूत्र वाचणाऱ्या समाजाने ही गोष्ट अधिक वेळा बोलून दाखवायला हवी.

आता दुसरा प्रश्न: का झाले हे सांगता येत नसेल, तर धर्माने काय करावे? येथे एका जैन संस्थेचा उल्लेख विषयाच्या ओघातच येतो. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात स्थापन केलेली भारतीय जैन संघटना तोपर्यंत मुख्यतः सामूहिक विवाहांसाठी ओळखली जात होती. लग्नातील उधळपट्टी थांबावी, हे तिचे कार्य समाजाच्या अंतर्गत सुधारणेचे होते. भूकंपानंतर या संघटनेने भूकंपग्रस्त गावांतील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शाळेची व्यवस्था उभी केली. ती मुले बहुतांशी जैन नव्हती. अन्नदान दोन दिवसांत होते, वस्त्रदान एका दिवसात होते. बाराशे मुलांना पुढची अनेक वर्षे वाढवणे हे निराळ्या प्रकारचे दान आहे. त्यात उत्सव नाही आणि फलकावर नाव लिहून संपेल असे काही नाही. आपल्याकडे दानाची परंपरा मोठी आहे, पण ती कलशाकडे आणि पायरीवरच्या नावाकडे अधिक झुकलेली आहे, हे या सुवर्णमहोत्सवी वर्षात म्हटले तर कोणी राग मानू नये.

हिंदू परंपरेतही या प्रकारच्या धर्माचे उदाहरण भूकंपाच्या याच पट्ट्यात आहे. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे निजामी राजवटीत राष्ट्रीय शाळा चालत होती. व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक तेथे काम करीत. संन्यास घेतल्यानंतर ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्याशाने मठात बसावे, ही रूढ अपेक्षा; स्वामीजींनी शाळा चालवल्या आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करताना तुरुंगवास सोसला. भगव्या वस्त्रांनी त्यांना संसारातून सोडवले, समाजातून नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाल्यावर त्यांनी पुन्हा शिक्षणाकडेच लक्ष दिले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले ते त्यांच्याच प्रेरणेने. आणि गंमत अशी की त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद पुढे नरहर कुरुंदकर यांच्याकडे आले. कुरुंदकर ईश्वर मानीत नसत. मनुस्मृतीची त्यांनी कठोर चिकित्सा केली, पण धर्मग्रंथांचा त्यांचा अभ्यास पुष्कळ आस्तिकांना लाजवील असा होता. संन्याशाने उभारलेल्या वास्तूत नास्तिक प्राचार्य मानाने नांदला, याचे नांदेडकरांना नवल वाटले नाही. गुरुद्वारा, कंधारचा दर्गा, माहूरची रेणुका आणि माळेगावचा खंडोबा यांच्या सहवासात वाढलेल्या जिल्ह्याला ते वाटू नये हेही स्वाभाविक आहे. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्याला स्वामीजींचेच नाव आहे.

पुनर्वसनाच्या काळात श्रद्धेचा आणखी एक पैलू दिसला. तो थोडक्यात सांगून पुढे जाऊ. मराठवाड्यात शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. पांढरीला देव असतात, वेशीवर मारुती असतो, पालखीचा मार्ग ठरलेला असतो. शासनाने नवी घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची बांधली, रस्ते आखले, आळ्या सरळ केल्या. भावकीची आणि जातीची जुनी गल्ली त्या आखणीत पुष्कळ अंशी विस्कटली. काहींना त्याचे दुःख झाले. ज्यांना जुन्या गल्लीत गावाच्या कडेलाच जागा होती, त्यांना ते का व्हावे, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. नव्या वसाहतींत घरांबरोबर मंदिरेही उभी राहिली. पांढरी सोडली तरी देव सोडले नाहीत.

शेवटचा प्रश्न मृतांच्या संस्कारांचा. भूकंपानंतर पाऊस सुरू होता. प्रेते इतकी होती की वेगवेगळ्या चिता रचणे अशक्य झाले आणि सामुदायिक दहन करावे लागले. या भागात लिंगायत समाज मोठा आहे, त्यांच्यात दफनाची रीत, मुसलमानांचीही तीच. कोणाचे कोणत्या रीतीने करायचे हे पाहण्यास सवड नव्हती, आणि पुष्कळ ठिकाणी सांगायला घरचे माणूसही उरले नव्हते. धर्मशास्त्राने आपद्धर्म ही कल्पना अशाच वेळेसाठी ठेवली आहे; महाभारताच्या शांतिपर्वात तिला स्वतंत्र उपपर्व आहे. सोवळे-ओवळे, दिशा, मुहूर्त हे सर्व संकटकाळी बाजूला ठेवता येते, हे शास्त्रानेच सांगितलेले आहे. आणि त्यानंतर एका दिवसाने पितृपंधरवडा लागला. १५ ऑक्टोबर १९९३ ला सर्वपित्री अमावास्या होती. गावेच्या गावे एकाच तिथीच्या श्राद्धाची झाली होती. ज्याचे कोणी उरले नाही त्याला पाणी कोणी द्यावे?

या प्रश्नाला परंपरेत उत्तर आहे, आणि ते अनेकांना ठाऊक नसते. तर्पणाच्या विधीत आप्तांची नावे घेऊन झाल्यावर, ज्यांना कोणीही बांधव नाहीत त्यांच्यासाठीही पाणी सोडण्याची तरतूद आहे. म्हणजे नांदेडच्या गोदातीरावर गोवर्धन घाटावर तर्पण करणारा माणूस, त्याला माहीत असो वा नसो, किल्लारीच्या निराधार मृतांना पाणी देतच होता. घरात केवळ मुलगी वाचली असेल तर तिने काय करावे? पुरोहित पुष्कळदा दूरचा चुलत भाऊ शोधायला सांगतात. पण निर्णयसिंधू आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास रचलेला धर्मसिंधू, या महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या ग्रंथांत अंत्यसंस्काराच्या अधिकाऱ्यांचा क्रम दिलेला आहे, आणि त्यात पुत्र-पौत्रांच्या अभावी पत्नी येते, कन्याही येते. ही तरतूद दोनशे वर्षांहून अधिक काळ पंढरपूरच्या पोथीत आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले तेव्हा ते अनेकांना आधुनिक खूळ वाटले, याचे कारण पोथी उघडून पाहिली जात नाही, एवढेच आहे.

तो क्रम पुढेही जातो. भावकी नाही, सगोत्र नाही, मित्र नाही, शिष्य नाही, अशा मृताचे काय? सर्वांच्या अभावी राजाने ते कार्य करवावे, असे धर्मशास्त्राचे वचन आहे. १९९३ च्या त्या पावसात सामुदायिक चिता पेटवल्या त्या जवानांनी, पोलिसांनी, सरकारी कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी. आजही ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ गावकरी जमतात, अधिकारी पुष्पचक्र वाहतात आणि पोलीस मानवंदना देतात.